गेटवेवर एक तारीख कोरायची राहून गेली आहे

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

मंत्रिमहोदय, सविनय नमस्कार.

गेटवे ऑफ इंडिया हे केंद्राचं नव्हे, राज्याच्या पुरातत्त्व विभागाचं संरक्षित स्मारक आहे आणि तो विभाग आपल्या खात्यात येतो. म्हणून हे पत्र दिल्लीला न धाडता आपल्यालाच लिहितो आहे.

कमानीच्या माथ्यावरचा मजकूर आपण वाचला असेलच. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी २ डिसेंबर १९११ रोजी भारतात उतरले, त्याची ही आठवण, असं तिथे इंग्रजीत कोरलं आहे. सालही रोमन आकड्यांत. खाली गळ्यात कॅमेरा अडकवलेले फोटोवाले लोकांना दोन पावलं मागे, एक पाऊल डावीकडे सरकवत असतात, मिनिटाभरात पिशवीतल्या प्रिंटरवर फोटो काढून हातात देतात. त्या फोटोत मजकुराचा तुकडा हमखास येतो. घरोघरी कपाटात जपून ठेवलेल्या त्या फोटोंमध्ये एका इंग्रज राजाच्या आगमनाची दवंडी आहे, आणि तेवढीच आहे.

गंमत अशी, की तो राजा या कमानीतून आलाच नाही. डिसेंबरात राजेसाहेब अपोलो बंदरावर, म्हणजे आपल्या पालव्यावर उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला उभी होती पुठ्ठ्याची नक्कल. जॉर्ज विटेट यांचा आराखडा मंजूर झाला १९१४ साली. मग समुद्रात भराव घालणं आलं, १९२०नंतर बांधकाम, आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांच्या हस्ते उद्घाटन. एकवीस लाखांच्या आसपास खर्च झाला. पैसे संपल्यामुळे कमानीच्या थेट समोर येणारा रस्ता काही झालाच नाही. आजही आपण चालत जातो तेव्हा गेटवे जरा तिरकाच सामोरा येतो. पंचम जॉर्ज त्यानंतर भारतात परत आले नाहीत. ज्याच्यासाठी दरवाजा बांधला त्याने तो पुरा झालेला पाहिलाही नाही!

इमारत मात्र देखणी झाली, हे मान्यच करायला हवं. पिवळसर बेसाल्ट इथल्याच परिसरातला, जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या, घडण सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या वळणाची. साहेबाने सत्तेचा रुबाब दाखवायला कमान उभारली आणि तिला अंगरखा चढवला आपला. सकाळी सूर्य समोरून येतो तेव्हा तो दगड मधासारखा दिसतो. ती पाडा, मजकूर खरवडा, नाव बदला, असलं काही मी मागत नाही. तशी मागणी अधूनमधून होते. मला ती आळशी वाटते.

मला म्हणायचं आहे ते २८ फेब्रुवारी १९४८ या तारखेबद्दल. त्या दिवशी भारतातली शेवटची ब्रिटिश पलटण, सॉमरसेट लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, आपली निशाणं घेऊन याच कमानीतून समुद्राकडे चालत गेली. भारतीय पलटणींनी मानवंदना दिली. निघताना त्यांना गेटवेचीच चांदीची प्रतिकृती भेट देण्यात आली. मला या घटनेत सगळ्यांत भावतं ते हेच, की आपण त्यांना हाकललं तेही रीतसर, आहेर देऊन. राजा आला तेव्हा ही कमान नव्हती, राज्य गेलं ते मात्र हिच्यातूनच. स्वतंत्र देशाच्या दृष्टीने हिचं मोल या दिवसाने ठरलं, आणि कोरलेल्या अक्षरांत त्याचा उल्लेख नाही.

त्याच्या दोन वर्षं आधीचा फेब्रुवारीही इथलाच. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या मुंबईतल्या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण तळावरच्या नौसैनिकांनी संप पुकारला. नासकं अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांनी ठिणगी पडली, आणि बघता बघता बंदरातल्या जहाजांवरचे ब्रिटिश झेंडे उतरले. जहाजांवरची रसद तुटली तेव्हा मुंबईकर खाण्याचे डबे, पुडकी, फळं घेऊन गेटवेच्या धक्क्यावर आले आणि नौसैनिकांच्या होड्या ते घेऊन गेल्या. बंदुका रोखलेल्या असताना जेवण पोचवणाऱ्या त्या माणसांची नावं कुणी टिपून ठेवली नाहीत. पुढे शहरात गोळीबार झाला, शेकडो माणसं गेली.

या जागेचा अर्थ आपण आधीही बदलला आहे. समोर पंचम जॉर्ज यांचा पुतळा होता. तिथे २६ जानेवारी १९६१ रोजी शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा आला. पलीकडे विवेकानंद उभे आहेत, तेही १८९३ साली मुंबईच्याच बंदरातून निघाले होते. पुतळ्यांनी बरंच काम केलं. पण पुतळा तारीख सांगत नाही.

तेव्हा विनंती अशी. गेटवेसमोरच्या फरसबंदीत, चालताना दिसेल अशा जागी, एक शिळा बसवावी. मराठी आधी, मग हिंदी आणि इंग्रजी. तिच्यावर १९४६चा फेब्रुवारी आणि १९४८चा २८ फेब्रुवारी, दोन्ही यावेत. मूळ इमारतीला एक खिळादेखील लागू नये. २०२३ साली तपासणीत पृष्ठभागावर भेगा, दगडांत उगवलेली झुडपं आणि घुमटाच्या जलरोधक थराचं नुकसान आढळलं होतं, तिला आणखी भार नको. मजकूर इतिहासकारांकडून लिहून घ्यावा. शिळेवर कोणाही मंत्र्याचं नाव नसावं, आपलंही नाही, ही विनंती राग न मानता वाचावी. आणि एलईडीचा झगमगाट, रंगीत कारंजी, सेल्फी पॉइंट यांतलं काहीही त्याबरोबर येऊ नये.

रेडिओ क्लबजवळच्या नव्या जेट्टीच्या वादात मी इथे पडत नाही. पण त्या निमित्ताने या परिसराचा आराखडा पुन्हा टेबलावर येणारच असेल, तर ही ओळ त्यात आत्ताच घालून घेता येईल.

२८ फेब्रुवारी २०२८ रोजी त्या घटनेला ८० वर्षं होतील. त्या दिवसापर्यंत शिळा बसावी. आपल्या खात्याकडून होकार किंवा नकार, जे असेल ते लेखी कळवावं.

आपला,
एक मुंबईकर