संस्थांचे अनुबोधपट होतात, पण जपते कोण?

मा. संपादक,
महोदय,

फेब्रुवारी उजाडला की मुंबईतल्या सामाजिक संस्था, वस्त्यांमधली कला मंडळे आणि अधूनमधून महापालिकेचे एखादे खाते आमच्यासारख्या छोट्या अनुबोधपटकारांची आठवण काढू लागते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपणार असते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते, त्यांना त्या खर्चाचे काहीतरी डोळ्यांना दिसावे असे वाटते, आणि मग अहवालासोबत ‘चार-पाच मिनिटांची फिल्म’ मागितली जाते. मी हे काम पंचवीसहून अधिक वर्षे करतो आहे. ते कमी प्रतीचे आहे असे मला कधीच वाटले नाही. बालवाडी, अंधांची शाळा, भजनी मंडळ, क्षयरुग्णांना घरी जाऊन औषध देणाऱ्या कार्यकर्त्या यांच्याकडे मोठा कॅमेरा वळत नाही; तो आमचाच वळतो. म्हणूनच या कामातली एक गोष्ट मनाला फार लागून राहिली आहे. चित्रपट तयार होतो, एका समारंभात दाखवला जातो आणि त्यानंतर तो कोठे जातो, याचा पत्ता ना संस्थेला असतो, ना निर्मात्याला.

सुमारे दहा वर्षांपूर्वी गिरणगावातल्या एका संस्थेसाठी मी आठ मिनिटांचा अनुबोधपट केला. गिरणी कामगारांसाठी खानावळ चालवलेल्या एका आजींची त्यात मुलाखत होती. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, पंख्याचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून तो बंद करून, भर उन्हाळ्यात आजी एक तास चाळीस मिनिटे बोलल्या. कोणत्या गावच्या मंडळाची खोली कोणत्या चाळीत होती, रात्रपाळीच्या माणसांचे जेवण किती वाजता झाकून ठेवायचे, कोकणातला कामगार आणि घाटावरचा कामगार यांना कालवणात काय वेगळे लागायचे, आणि १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाल्यावर महिन्यामागून महिने उधारी कशी फुगत गेली तरी ताट कोणाचेही कसे बंद केले नाही, हे सारे त्यांनी नावागावासकट सांगितले. मधेच त्यांनी जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या. अंतिम चित्रपटात या सगळ्यातले चाळीस सेकंद आले, तेही निवेदन आणि संगीताच्या खाली. आठ मिनिटांत पाहुण्यांचे भाषण, दीपप्रज्वलन आणि देणगीदारांचे आभार बसवायचे होते.

पुढे काही वर्षांनी आजी गेल्या. त्यांची नात मला शोधत आली आणि ‘आजीचा आवाज मिळेल का?’ एवढेच तिने विचारले. संस्थेकडे फक्त आठ मिनिटांची प्रत होती. पूर्ण मुलाखत ज्या हार्ड डिस्कवर होती ती मी पुढच्या कामासाठी रिकामी केली होती. ही चूक माझी होती आणि तिच्यासमोर मी ती कबूल केली. ते फुटेज कोणी आणि किती वर्षे सांभाळायचे, याबद्दल संस्थेच्या कार्यादेशात, म्हणजे काम सोपवताना दिलेल्या लेखी पत्रात, एक ओळही नव्हती, आणि ती घालावी असे मलाही सुचले नव्हते.

या शहरात चित्रपटकलेची सुरुवातच स्थानिक घटना टिपण्यापासून झाली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर म्हणजेच सावेदादा यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रीकरण केले आणि १९०१ साली केंब्रिजहून गणिताचे ‘रँग्लर’ हे मानाचे पद मिळवून परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे. एका समाजाने आपल्या माणसाचा केलेला सत्कार असेच त्या दुसऱ्या चित्राचे स्वरूप होते. आज ही चित्रे आपल्याला वर्णनांतूनच ठाऊक आहेत. त्या काळी फिल्म जपण्याची सोय नव्हती, पण आज तसे कारण आपल्याकडे नाही. पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनने १९४८ पासून देशभरचे अनुबोधपट आणि वृत्तपट केले; ती संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मात्र लालबागच्या नमन मंडळाचा (नमन म्हणजे कोकणातली लोककला) किंवा गोवंडीच्या आरोग्य केंद्राचा दहा मिनिटांचा चित्रपट तिथपर्यंत पोहोचत नाही, आणि त्याची खरी गरजही पुण्याला नसून लालबागला आणि गोवंडीलाच आहे.

मुंबईत वस्तू टिकवणे अवघड आहे, हे मला मान्य आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी काम केलेल्या एका संस्थेच्या तळमजल्यावरच्या कपाटातल्या साऱ्या मिनी डीव्ही टेपा, म्हणजे व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट, चिखलात गेल्या. पुरातून वाचलेल्या टेपांना दमट हवेने बुरशी धरते, आणि त्या चालवणारी यंत्रेही आता सहज मिळत नाहीत. पाण्याइतकेच नुकसान पुनर्विकासाने केले आहे. संस्थेचे कार्यालय दोन-तीन वर्षांसाठी संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या खोलीत हलते, तेव्हा हिशेबाच्या वह्या जपून नेल्या जातात, कारण सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० नुसार हिशेब ठेवणे बंधनकारक आहे. टेपा आणि डिस्क जपण्याचे बंधन कोणावरच नसल्याने त्या भंगारवाल्याकडे जातात.

मालकीबाबतही बराच गैरसमज आहे. प्रताधिकार कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कोणी चित्रपट करून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर प्रताधिकाराचा पहिला मालक तो करून घेणारा असतो. म्हणजे पैसे मोजणाऱ्या बहुतेक संस्था आपल्या चित्रपटाच्या मालक असतात आणि ते त्यांना माहीतच नसते. आमच्यातले काही निर्माते मूळ फुटेज देण्यासाठी पुन्हा पैसे मागतात, काही जण ते पुसून टाकतात. दोन्ही वेळा संस्था गप्प बसते. सेकंदाला १०० मेगाबिट दराने केलेले तासाभराचे फोरके, म्हणजे अतिस्पष्ट, चित्रीकरण साधारण ४५ जीबी जागा घेते, म्हणजे दोन टेराबाइटच्या एका डिस्कवर चाळीसहून अधिक तास मावतात. समारंभासाठी ड्रोन मागवणाऱ्या संस्थेला अशा दोन डिस्क जड नाहीत.

जपणे म्हणजे सगळे सर्वांसमोर उघडे करणे नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास मनाई करते, आणि तरीही देणगीदाराला ‘चेहरा दिसला पाहिजे’ असा आग्रह मी अनेकदा ऐकला आहे. मोठ्या माणसांची संमतीही घाईघाईत, इंग्रजी कागदावर अंगठा घेऊन उरकली जाते. आपले बोलणे कोण, कोठे आणि किती वर्षे पाहणार आहे, हे मराठीत किंवा त्यांच्या बोलीत समजावून घेतलेली संमतीच खरी, आणि तो कागद फुटेजसोबतच राहिला पाहिजे. पुढे कोणी ‘माझे दाखवू नका’ म्हटले, तर ते पाळता आले पाहिजे.

यासाठी नवा विभाग किंवा नवी इमारत लागत नाही. महापालिकेने आणि संस्थांनी आपल्या कार्यादेशात एवढे लिहावे की शेवटचा हप्ता देण्यापूर्वी पूर्ण मुलाखतींचे फुटेज दोन स्वतंत्र डिस्कवर, संमतिपत्रे आणि कोण, कोठे, कधी बोलले याची मराठी यादी यांसह सुपूर्द करावे. यादीशिवाय डिस्क निरुपयोगी असते, हे मी अनुभवाने सांगतो. दोनपैकी एक डिस्क संस्थेकडे राहावी आणि दुसरी त्या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखी १८९८ पासूनची संस्था या शहरात आहे. तिच्यासारख्या ग्रंथालयांनी पुढाकार घेतला तर आम्हा व्यावसायिकांपैकी बरेच जण सूची करण्याचे काम मोबदल्याशिवाय करतील अशी मला खात्री आहे. शिवाय ज्यांच्यावर चित्रपट केला, त्यांना तो त्यांच्याच चाळीत किंवा वस्तीत एकदा तरी पडद्यावर दाखवावा. देणगीदारांच्या सभागृहात तो दाखवला जातो तेव्हा ही माणसे तिथे नसतात.

माझ्याकडे १९९९ ते २००८ या काळातल्या ३१ मिनी डीव्ही टेपा अजून शिल्लक आहेत. त्यांत परळ, शिवडी आणि वरळी कोळीवाड्यातल्या माणसांच्या मुलाखती आहेत. त्या चालवणारे यंत्र माझ्याकडे सध्या सुरू आहे. मुंबईतले एखादे ग्रंथालय किंवा महापालिकेचे विभाग कार्यालय त्या यादीसह स्वीकारायला तयार असेल, तर त्यांनी आपल्या वृत्तपत्रामार्फत मला कळवावे. टेपांचे डिजिटल रूपांतर मी स्वखर्चाने करून देईन.

आपला नम्र,
एक अनुबोधपटकार, परळ, मुंबई