खदानीच्या पाण्याची गोष्ट कोण सांगणार?

संपादक साहेब, नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आत हे पत्र छापाल तर बरं होईल.

आमची पोरगी सहावीत आहे, परवा जेवताना ती मला स्कॉटलंडच्या पाण्यातल्या भुतांबद्दल सांगत होती. तिकडे नदीकाठी केल्पी घोडा होऊन उभा राहतो, दिसायला देखणा आणि एकदम गरीब, मग पोट्टे एकेक करून पाठीवर बसतात आणि जेवढे बसतील तेवढी त्याची पाठ लांब होत जाते, हात चिकटले की निघतच नाहीत, आणि घोडा सरळ डोहात. एका पोरानं नुसतं बोट लावलं होतं, त्यानं ते कापलं म्हणून वाचला. सरोवरात आणि समुद्रात राहणारा एख-उश्के तर याहून वाईट, तो माणूस खाऊन टाकतो आणि सकाळी काठाला फक्त लिव्हर तरंगत येतं. माणसाच्या रूपात आला तर केसांत वाळू नाहीतर शेवाळ सापडतं, तेवढीच ओळख.

ऐकता ऐकता मला आजी आठवली. वैनगंगेच्या काठी आमचं गाव, तिथे एका वळणावर शेंदूर लावलेले सात दगड होते, पाण्यातल्या सात आसरा देवींचे, समोर हिरव्या बांगड्या. आजी म्हणायची, तिकडे नको जाऊ बाबू, आसरा ओढतात. आम्ही हसायचो पण जायचो नाही! वरून पाणी शांत दिसायचं, खाली भोवरा होता हे मोठं झाल्यावर समजलं. तो शेंदूर म्हणजे आमच्यासाठी धोक्याचा बोर्डच होता, आणि वाचता न येणाऱ्यालाही समजत होता. म्हणून याला नुसती अंधश्रद्धा म्हणून हसणाऱ्यांचं मला पटत नाही.

नववीत असताना माझा मित्र नागपूरजवळच्या एका दगडाच्या खदानीत पोहायला गेला. खदान सरळ कापलेली असते, नदीसारखा उतार नसतो, पहिलं पाऊलच खोल पाण्यात आणि परत चढायला कुठे पाय टेकत नाही. काठावर त्याची सायकल स्टँडवर उभी होती, कॅरिअरला टॉवेल तसाच घडी केलेला. हे पाणी नवीन होतं ना, पावसाचं साचलेलं, त्याची गोष्ट कोणत्याच आजीनं सांगितलेली नव्हती आणि बोर्डही नव्हता.

तिकडे स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कला लोकांनी केल्पींचे 30 मीटर उंच स्टीलचे पुतळे उभारलेत, 2014 पासून लोक बघायला जातात. आपल्याला पुतळे नकोत. ज्यांच्या ताब्यात खदानी आहेत त्यांनी निदान कुंपण घालावं, खोली लिहावी. आणि तुम्ही मुलांच्या पानावर एप्रिलपासून दर आठवड्याला विदर्भातल्या एकेका डोहाची, तलावाची जुनी गोष्ट छापा, शेजारीच जवळच्या खदानीचं नाव आणि खोली द्या. गोष्टी म्हाताऱ्या माणसांकडे आहेत, मागा म्हणजे येतील. आमच्या वळणाची मी याच आठवड्यात लिहून पाठवतो.

आपला एक वाचक,
नागपूर