वाणूवर मीठ टाकू नका

मा. संपादक,

आषाढ लागला की इंदुरात आमच्या कॉलनीत कुंड्यांखालून वाणू निघतात आणि घराघरांतून मिठाचे डबे बाहेर येतात. अहो, ती गोम नव्हे! गोमेला प्रत्येक वळ्याला पायांची एकच जोडी आणि तोंडाशी विषारी नख्या. वाणूच्या बहुतेक वळ्यांना दोन-दोन जोड्या, पण तो चावत नाही. डिवचलं तर चकलीसारखा वळतो, फार तर उग्र रस सोडतो. तो डोळ्यांत जाऊ नये एवढंच जपायचं. कुजकी पानं कुरतडून तो त्यांचा भुगा करतो, पुढचं काम बुरशी आणि जिवाणूंचं. माझ्या पारिजातकाखालच्या काळ्या मातीत त्याचे कष्ट आहेत. परवा नातवाने मीठ टाकलेला एक मी पाण्याने धुतला. वाचला नाही.

– एक आजी, इंदूर