एल्कची शिकार आणि ‘पैसा वसूल’चा हिशेब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोलोरॅडोतल्या एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख काल वाचला, आणि आज लिहायला बसलो. टॅग (म्हणजे एका जनावराच्या शिकारीचा परवाना), प्रवास, तंबू, खर्ची पडलेल्या रजा, सगळ्याची बेरीज करून लेखकाने हात हलवत परतलेल्या शिकाऱ्याला तोट्यात काढलं आहे. खात्री हवी असेल त्याने कुंपण घातलेल्या खासगी रँचवर पैसे मोजावेत, असा सल्लाही दिला आहे. लेखाची भाषा चांगली आहे, वाचायला मजा येते. सल्ला मात्र घातक आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या पिढीला शिकारच मुळात नकोशी वाटेल. तो वाद वेगळा, लेखकानेही तो काढलेला नाही. त्यांचा आक्षेप फक्त रिकाम्या हाताला आहे. पण इथे बहुतेक जण रिकाम्या हातानेच परततात! अमेरिकेतले सर्वांत जास्त एल्क याच राज्यात आहेत, तरी पाच शिकाऱ्यांत जेमतेम एकाला एल्क मिळतो. धनुष्यबाणवाल्यांना त्याहून कमी. टॅग काढणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच माहीत असतं.

काही वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये फ्लॅट टॉप्सच्या रानात आमचा तंबू होता. शेजारी दूरच्या राज्यातून आलेले एक गृहस्थ उतरले होते. बाहेरच्यांचा टॅग महाग, गाडी हाकत आलेले, आणि अख्ख्या मुक्कामात एल्कचं दर्शनही नाही. शेवटच्या संध्याकाळी, नीट दिसेनासं झालेलं असताना, त्यांनी दरीपलीकडच्या उतारावरच्या मादीवर गोळी झाडली. मादी पडली नाही. पुढचा एक पाय उचलून धरत ती अस्पेनच्या झाडीत शिरली. रात्री बर्फ पडलं.

जखमी जनावराचा शोध घेणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. सकाळी आम्हीही त्यांच्याबरोबर माग काढायला गेलो. एका अस्पेनच्या पांढऱ्या सालीवर माझ्या गुडघ्याच्या उंचीला रक्ताचा पुसट पट्टा होता. पुढे आडव्या पडलेल्या स्प्रूसच्या झाडाच्या आडोशाला, जिथे बर्फ पोचलं नव्हतं तिथे, ती बसल्याचा खळगा होता आणि त्यात हाडाची बारीक कपची. त्यापुढे काही नाही. संध्याकाळपर्यंत रान तुडवलं, मादी सापडली नाही. गृहस्थ पुन्हा पुन्हा म्हणत होते, ‘इतक्या लांबून येऊन तसाच कसा जाणार होतो?’ माणूस वाईट नव्हता. तुमच्या लेखकाने मांडलेला हिशेबच तो त्या संध्याकाळी करत होता.

त्या वर्षी मलाही काही मिळालं नाही. सरकारी आकडेवारीत ते गृहस्थ आणि मी एकाच रकान्यात गेलो: अयशस्वी. तुमच्या लेखातही आम्ही एकाच रकान्यात आहोत, आणि याचाच मला संताप आला.

‘निसर्ग तरी पाहिला ना’ अशी समजूत मला कुणी घालू नये. मी मांसासाठी जातो. मादी मिळाली तर घरात कित्येक महिने पुरते, नाही मिळाली तर वाईट वाटतं. पण सकाळी थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन चढलं की वर फिरते, एवढं पुस्तकात कळतं. कुठल्या घळीत ती नेमकी कधी फिरते, कळप दुपारी कुठल्या दाट झाडीत बसतो, हे तिथे गारठत बसल्याशिवाय कळत नाही. कुंपणाच्या आत यातलं काही लागत नाही. तिथे जनावर पळून जाणार नसतं आणि शिंगांवरून त्याची किंमत आधीच ठरलेली असते.

पैसे बुडाले म्हणावं तर तेही खरं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या राज्यातले एल्क जवळपास संपले होते. वायोमिंगमधून आणून पुन्हा सोडावे लागले. आज त्यांची देखरेख होते ती मुख्यतः शिकारीच्या परवान्यांवर आणि १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरच्या करातून राज्यांना मिळणाऱ्या पैशावर. एल्क मिळो न मिळो, टॅगचे पैसे तिकडेच जातात.

आणखी एक. लेखासोबत छापलेला फोटो एल्कचा नाही, मूस या दुसऱ्याच मोठ्या हरणाचा आहे. पंजासारखी पसरट शिंगं आणि गळ्याखाली लोंबणारी झालर मूसची. एल्कच्या शिंगांना फांद्यांसारखे फाटे असतात, मान गडद आणि मागचा भाग फिकट. एल्क समजून मूस मारल्याचे प्रकार इथे दर हंगामात होतात आणि त्याला जबर दंड आहे. तुमचे बरेच वाचक इथे राहतात, त्यातले काही यंदा पहिल्यांदा टॅग काढतील. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, आणि ती कोपऱ्यात दोन ओळींची नको. एल्कच्या फोटोसकट, त्याच पानावर, तेवढ्याच आकारात असावी.

आपला,
एक वाचक
डेन्व्हर, कोलोरॅडो