कोल्ट की रेमिंग्टन? फुटते ते सिलिंडर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन यादवी युद्धातल्या कोल्ट आणि रेमिंग्टन कंपन्यांच्या टोपीच्या (घोड्याच्या ठोक्याने फुटणाऱ्या छोट्या टोपीने बार पेटवणाऱ्या) रिव्हॉल्व्हरांवरचा रविवार पुरवणीतला लेख आवडला. पण ‘रेमिंग्टनच्या सिलिंडरवरून पोलादी पट्टी जाते, कोल्टचा माथा उघडा, म्हणून कोल्ट कमकुवत’ हा निष्कर्ष घाईचा आहे. उभा जन्म टूलरूममध्ये गेल्यामुळे गप्प बसवेना.

बार उडतो तेव्हा खरा दाब सोसतो तो फिरत्या सिलिंडरमधला दारू-गोळी भरायचा कप्पा. वरच्या पट्टीचा त्याला काडीचाही आधार नसतो. नळी आणि मागची फ्रेम एकमेकींपासून ताणली जाऊ नयेत, एवढेच तिचे काम. १८४७ चे वॉकर कोल्ट घ्या. वजन दोन किलोंच्या वर, आणि एका कप्प्यात ६० ग्रेन, म्हणजे जवळजवळ चार ग्रॅम काळी दारू. त्यातल्या अनेकांची सिलिंडरे फुटली. दोष त्या काळच्या धातूचा आणि ठासून भरलेल्या दारूचा. वर पट्टी असती तरी ती फुटलीच असती. पुढच्या ड्रॅगून मॉडेलमध्ये कोल्टने सिलिंडरच आखूड केले. शिपायाने कितीही हौस केली तरी तेवढी दारू मावणारच नाही! सूचनापत्रक छापण्यापेक्षा हा इलाज कितीतरी शहाणपणाचा. १८६० च्या आर्मी मॉडेलपर्यंत पोलाद इतके सुधारले की .३६ (नळीचे माप, इंचात) च्या कोल्टच्याच नेव्ही मॉडेलच्या फ्रेमवर पुढून फुगवलेले सिलिंडर बसवून .४४ ची गोळी उडवता आली, तीही सव्वा किलोच्या आसपास वजनात. माथा मात्र उघडाच होता.

कोल्टची खरी दुखरी जागा म्हणजे पाचर. सिलिंडरमधून जाणाऱ्या जाड कण्यात आडवी ठोकलेली ही पाचर नळीला धरून ठेवते. ती झिजली की नळी हलू लागते. त्यात नेमाची मागची खाच घोड्याच्या टोकावर, शिवाय फुटलेल्या टोपीचे तुकडे घोड्याच्या फटीत पडून यंत्र अडते ते वेगळेच. रेमिंग्टनची फ्रेम अखंड आणि नेमाची खाच पट्टीतच कोरलेली, त्यामुळे ही कटकट कमी. इथे लेखकाचे म्हणणे मान्य. १८७३ च्या काडतुसाच्या मॉडेलला खुद्द कोल्ट कंपनीनेही पट्टी दिलीच.

पण काळ्या दारूची काजळी लेखात कुठेच नाही. कोकणात शेतीरक्षणासाठी परवान्याने ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी साफ केली आहे, त्यांना ती काय चीज आहे हे ठाऊक असेल. कोल्टच्या जाड कण्यावर ग्रीस धरून ठेवणाऱ्या खाचा आहेत, म्हणून सिलिंडर बराच वेळ मोकळे फिरते. रेमिंग्टनची पिन बारीक; काजळी बसली की सिलिंडर लवकर जड होते. लढाईत न फिरणारे सिलिंडर मजबूत असून उपयोग काय?

‘१८५८ चे रेमिंग्टन’ या उल्लेखाबद्दलही थोडे. नळीवरचे १४ सप्टेंबर १८५८ हे रेमिंग्टनचा रचनाकार बील्स याच्या पेटंटचे साल, आणि ते पेटंट सिलिंडरच्या पिनेच्या रचनेचे आहे. ज्याला ‘१८५८ चे’ म्हणतात ते रेमिंग्टनचे न्यू मॉडेल आर्मी बाजारात आले १८६३ पासून. अखंड फ्रेमचा मानही रेमिंग्टनचा नाही. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात कोल्टसमोर उभे राहिलेले रॉबर्ट ॲडम्सचे रिव्हॉल्व्हर तसेच होते. त्याची नळी आणि फ्रेम एकाच तुकड्यातून घडवलेली. त्याची सुधारलेली बोमाँ-ॲडम्स आवृत्ती १८५७ च्या लढायांत इंग्रज अधिकाऱ्यांनी इथे वापरली. आपल्या वाचकांसाठी ही माहिती यायला हवी होती.

फ्रेमच्या धातूने मात्र फरक पडतो. लोखंड-पोलादाच्या टंचाईमुळे यादवीत दक्षिणेकडच्या राज्यांतल्या ग्रिसवोल्ड कारखान्याने पितळी फ्रेमची .३६ रिव्हॉल्व्हरे केली. आज इटलीत बनणाऱ्या पितळी प्रतिकृतींत सतत जादा दारू भरली की सिलिंडरचा ठसा मागच्या पितळेवर उमटतो आणि कण्याचे आटे सैल होतात.

तेव्हा छायाचित्राखालची ओळ तपासावी. ‘मूळ १८५१ नेव्ही कोल्ट, .४४’ म्हणून छापलेल्या रिव्हॉल्व्हरची फ्रेम चक्क पितळी दिसते. कोल्टचे नेव्ही .३६ चे होते. त्यात मुठीचा पट्टा आणि चापाचे कडे पितळी असे, फ्रेम नव्हे. चित्र आधुनिक प्रतिकृतीचे आहे. पुढच्या रविवारी तेवढी दुरुस्ती छापावी ही विनंती.

आपला,
एक निवृत्त टूलरूम फोरमन, कोल्हापूर