रविवारची सायकल राईड: जिगोंदास ते सेगुरे

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता जिगोंदास गावच्या चौकात भेटायचंय, तिथून साब्ले, सेगुरे आणि परत येताना काइरोंच्या खिंडीतून दांतेल द मोंमिराइलच्या चुनखडी सुळक्यांखालून, म्हणजे प्रोव्हान्समधला (दक्षिण फ्रान्स) माझा सगळ्यात लाडका रस्ता!

- सध्या द्राक्षतोडणी चालूये, त्यामुळे मळ्यात सायकल अजिबात घालायची नाही, ट्रॅक्टर आला की उतरून बाजूला व्हायचं. ग्रेनाश जातीच्या द्राक्षांचे घड कितीही खुणावले तरी तोडू नका प्लीज, वर्षभराची मेहनत असते हो त्यांची.
- वणव्याच्या धोक्यामुळे जंगल बंद असेल किंवा मिस्त्राल वारा जोरात असेल तर राईड कॅन्सल, शनिवारी संध्याकाळी कळवतो.
- सेगुरेच्या दगडी गल्ल्यांत सायकल हातात धरून चाला.
- हेल्मेट, जादा ट्यूब, २ लिटर पाणी.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव टाका.