रानपिंगळा बघायला जाणाऱ्या आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

जानेवारीअखेर तोरणमाळला जायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. बाबांनी विचारलं होतं की रानपिंगळा दिसेल का आणि त्यासाठी रात्री टॉर्च घेऊन हिंडावं लागेल का. फोनवर हे घाईघाईत सांगून भागणार नाही, म्हणून पत्र.

टॉर्च घरीच ठेवा. हे घुबड दिवसाचं आहे. पहाटेची थंडी ओसरली की निष्पर्ण झाडाच्या उघड्या फांदीवर येऊन ते ऊन खात बसतं आणि मग भर उजेडात शिकार करतं. कारण त्याच्या ताटात असतं काय, तर निम्म्याहून जास्त सरडे आणि सापसुरळ्या. हे प्राणी ऊन लागल्याशिवाय हलतच नाहीत. उरलेल्यात उंदीर, नाकतोडे, बेडूक, क्वचित एखादा छोटा पक्षी. म्हणून तुमची वेळ ऊन अंगाला लागल्यापासून दहा-साडेदहापर्यंतची धरा. त्याहून लवकर उठून आईने गुडघे गारठवून घ्यायची काही गरज नाही.

चढायचीही गरज नाही. रानपिंगळ्याला घनदाट अंधारं जंगल लागत नाही. त्याला सातपुड्याच्या उतारावरचं आणि पायथ्याचं विरळ पानझडी रान हवं असतं. साग, सालई, ऐन, मोई, रोहण यांची मोठी झाडं, आणि मधेमधे गवत कमी असलेली मोकळी जमीन, जिथे वरून सरडा दिसेल. असं रान रस्त्याच्या कडेलाही असतं. घडीच्या खुर्च्या न्या, गाडीपासून चार पावलांवर मांडा आणि बसून राहा. फिरत राहणाऱ्यापेक्षा एका जागी तासभर बसणाऱ्याला हा पक्षी दिसण्याची शक्यता जास्त. वाटाड्या मात्र तिथला स्थानिकच घ्या. नेमकी झाडं मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पत्राचा फोटो काढून कोणीतरी पुढे पाठवतंच.

बहुतेकांची फसगत होते ती ओळखण्यात. आपल्या चिंचेवरचा, तिन्हीसांजेला कलकलाट करणारा ठिपकेदार पिंगळा तिथेही गावालगत आहे. पहाटे दारी येऊन पिंगळ्याची भाषा सांगणारा पिंगळा जोशी ज्याच्या नावाने येतो, तो हाच. दोघे आकाराने जवळपास सारखे, रानपिंगळा साधारण 23 सेंटिमीटर, वजन पाव किलोच्या आसपास. नुसत्या आकारावर जाऊ नका. आधी डोकं बघा. ठिपकेदार पिंगळ्याच्या टाळूवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याची टाळू करडी-तपकिरी आणि जवळजवळ कोरी असते, ठिपके असलेच तर इतके पुसट की दुर्बिणीतही शोधावे लागतात. मग पोट बघा. छाती गडद तपकिरी, कुशीला ठळक पट्टे, आणि पोटाचा मधला व खालचा भाग स्वच्छ पांढरा. समोरून ऊन असेल तर हे पांढरं लांबूनही चमकतं. पंख आणि शेपटीवर रुंद काळपट-पांढरे पट्टे. शेवटी पाय. दांडगे पाय, बोटांपर्यंत दाट पांढरी पिसं, जणू लोकरीचे मोजे घातलेत. पक्ष्याच्या मानाने नख्याही मोठ्या. एका खुणेवर निर्णय देऊ नका, डोकं, पोट आणि पाय असं तिन्ही जुळलं तरच रानपिंगळा म्हणा.

तिथे आणखी एक जंगली पिंगळा असतो. त्याच्या डोक्यापासून पोटापर्यंत सगळीकडे बारीक आडव्या रेघा असतात आणि पंखात तांबूस झाक, म्हणून तो लगेच वेगळा पडतो. घोळ होतो तो नावांचा. काही पुस्तकांत याला रानपिंगळा म्हटलंय आणि आपल्याला हव्या त्या पक्ष्याला वनपिंगळा. वाटाड्याने नुसतं नाव सांगितलं तर "टाळूवर ठिपके आहेत का, रेघा आहेत का?" एवढं विचारा.

बाबा, तुमच्यासाठी महत्त्वाचं. कानाचं यंत्र लावलंत तरी आवाजावर फार भिस्त ठेवू नका. याचे आवाज बरेच आहेत, एक दोन सुरांचा "ओ-ओव्", एक चिरका लांबट. पण झाडीत दिशा कळणं आम्हालाही अवघड जातं. त्यापेक्षा छोट्या पक्ष्यांचा गोंधळ बघा. बुलबुल, कोतवाल, वटवटे एका फांदीभोवती कालवा करत असतील तर त्या फांदीवर बहुतेक घुबड किंवा साप असतो. दुर्बीण 8 बाय 42 ची पुरे. त्याहून जास्त मोठं दाखवणारी नेलीत तर हात थरथरला की चित्रही थरथरतं.

दिसला की शेपटीकडे लक्ष ठेवा. शांत बसलेला असतो तोवर शेपटी खाली सोडलेली असते. खाली काही हललं की तो पुढे वाकतो, मान रोखतो आणि शेपटी झपाझप डावी-उजवी हलवायला लागतो. ठिपकेदार पिंगळा इतक्या जोरात हे करत नाही. शेपटी हलली की दुर्बीण खाली घेऊ नका, पुढच्या काही क्षणांत तो झेपावतो. सरळ जमिनीवर पडल्यासारखा उतरतो, त्या दांडग्या पायांनी भक्ष्य दाबतो आणि उचलून पुन्हा फांदीवर नेतो. मोठाला सरडाही हा एवढासा पक्षी नेऊ शकतो तो त्या पायांच्या बळावर.

आता काळजीचं. ऑक्टोबर ते मे हा त्यांचा विणीचा हंगाम, आणि जोडी जमण्याचा भर जानेवारी-फेब्रुवारीत. म्हणजे तुम्ही नेमक्या नाजूक दिवसांत जाताय. घरटं झाडाच्या ढोलीत असतं, बहुधा जमिनीपासून पाच ते आठ मीटर उंचीवर. फांदी मोडून कुजून झालेली किंवा सुतार पक्ष्याने कोरलेली जागा असते. अंडी साधारण दोन. मादी आत बसते आणि शिकार नर करतो. तो भक्ष्य घेऊन जवळच्या फांदीवर येतो, हाक देतो, मादी ढोलीच्या तोंडाशी येते आणि घेऊन आत जाते. पिल्लांना भरवायचं कामही तीच करते. पिल्लं महिनाभराने ढोलीबाहेर पडतात. म्हणजे बरेच दिवस सगळं घर एकट्या नराच्या शिकारीवर चालतं, आणि त्याचे तासभर तुम्ही खाल्लेत तर आत उपास पडतो.

म्हणून आई, तू बाबांना हे आठवण करून दे. ढोली असलेल्या झाडापासून निदान तीस-चाळीस मीटर लांब बसा. नर तोंडात भक्ष्य धरून नुसता बसून राहिला, ढोलीकडे जात नसला, तर त्याला तुमची धास्ती आहे असं समजा आणि लगेच उठा. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावू नका, वाटाड्याने सुचवलं तरी नाही. दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला असं वाटून हा शिकार टाकून येतो, पुन्हा पुन्हा येतो आणि दमतो. संशोधनात मोजणीसाठी आवाज लावतात, पण मोजून आणि थोडा वेळ. फ्लॅश तर अजिबात नको.

बसल्या जागी तुमच्या पायाशी करड्या, वाळक्या, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या सापडल्या तर ती विष्ठा समजून टाळू नका. पचत नाही ते घुबड तोंडावाटे टाकतं. काडीने उकलून पाहिलीत तर उंदराची हाडं, सरड्याचे खवले, भुंग्यांच्या पंखांची चकचकीत टरफलं दिसतील. नंतर हात धुवा.

बाबांना इतिहास आवडतो म्हणून थोडक्यात. 1872 मध्ये पक्ष्यांचे नमुने गोळा करणाऱ्या ब्लूइट यांनी आजच्या छत्तीसगडमधल्या बसना भागात हा पहिल्यांदा मिळवला, आणि 1873 मध्ये ह्यूम यांनी त्याचं वर्णन छापलं. होय, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम. पुढे असेच नमुने जमवणाऱ्या डेव्हिडसन यांनी खानदेशात काही मिळवले, शेवटचा 1884 मध्ये. नंतर नाहीच. मधे माइनर्टझहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1914 मध्ये गुजरातेतल्या मांडवीला एक मिळाल्याचं सांगितलं. तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसन यांचाच, नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. त्या एका खोट्या चिठ्ठीने शोधणाऱ्यांची दिशा चुकवली, याचा मला अजून राग येतो. ती नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्यावर नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, किंग आणि अॅबट या पक्षी-अभ्यासकांना तो शहाद्याजवळ दिसला. तब्बल 113 वर्षांनी, आणि तोही सकाळच्या उन्हात.

पुढे मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातला खकनार भाग, 2014 मध्ये तर आपल्या मुंबईजवळचं तानसा अभयारण्य, अशा जागांवर तो मिळत गेला. म्हणून 2018 मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत (आययूसीएन) त्याची गणना 'अतिसंकटग्रस्त'मधून 'संकटग्रस्त'मध्ये आली. वाढला म्हणून नव्हे, जास्त ठिकाणी सापडला म्हणून. शहादा-तळोद्याकडे रान तुटून शेती होतेच आहे. जळणासाठी पहिल्यांदा जातं ते वाळकं, पोकळ झाड, म्हणजे नेमकं त्याचं घर. नवं रोप लावून ढोली मिळत नाही, त्याला कैक दशकं जावी लागतात. उरलेल्या ढोलींसाठी पोपट, मैना, नीळकंठ, शिवाय ठिपकेदार पिंगळा, सगळेच रांगेत. आणि अंधश्रद्धेपायी घुबडं मारणारे आहेतच. तिथे गप्पांत विषय निघाला तर आई, तू बोल. तुझं म्हातारी माणसं ऐकतात.

शेकोटीसाठी तिथे लाकूड विकत घेऊ नका, जाड स्वेटर आणि आईची गुडघ्याची पट्टी न्या. दिसला तर वेळ, झाड कोणतं, नर एकटा की जोडी आणि काय खात होता, एवढं वहीत टिपून ठेवा. नाही दिसला तरी किती वेळ बसलात ते लिहा, ते मला तितकंच उपयोगाचं आहे.

तुमची धाकटी